लंडनमध्ये आठ दिवस: सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर असताना कसे फिरावे?

मुलुंडकर:
नमस्कार. येत्या मे महिन्यात मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की मी, माझे यजमान, सासूबाई आणि मुलगी असे चौघे आठ दिवसांसाठी लंडनला जात आहोत. मुक्काम हॅरोला नणंदेकडे आहे, परंतु तिच्या घरी दोघेही नोकरी करणारे असल्यामुळे दिवसभर आमचे आम्हालाच फिरायचे आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. सपाट रस्त्यावर त्या माझ्यापेक्षाही अधिक चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने चढणे-उतरणे त्यांना जमत नाही. मी ट्यूबचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नकाशा समोर ठेवून रोज चार-चार ठिकाणे बसवली आहेत. त्यावर यजमानांचे म्हणणे असे, की हे म्हणजे सकाळी कान्हेरीच्या लेणी, दुपारी घारापुरी आणि संध्याकाळी पुन्हा ठाण्याचा तलाव करण्यासारखे आहे. प्रवासासाठी पास काढावा की रोज तिकीट घ्यावे, पर्यटकांसाठी असलेल्या उघड्या टपाच्या बसचा उपयोग होतो का, आणि सर्वांच्या उपयोगाचे असे तिथे नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

गिरगावकर:
मी नोकरीनिमित्त त्याच भागात सहा वर्षे राहिलो आहे, त्यामुळे प्रवासापुरते सविस्तर लिहितो. आपल्या यजमानांचे म्हणणे योग्य आहे आणि चूक नकाशाची आहे. ट्यूबचा आज दिसतो तो सुटसुटीत नकाशा १९३३ मध्ये हॅरी बेक यांच्या आराखड्यावरून छापला गेला. त्यात मार्गांचा क्रम अचूक असला तरी अंतरे खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके नकाशात इतर स्थानकांइतकीच दूर वाटतात. प्रत्यक्षात त्यांत जेमतेम पावकिलोमीटर अंतर आहे. नवखा माणूस तेवढ्यासाठी जमिनीखाली उतरतो, तिकिटाचे पैसे देतो आणि पुन्हा वर येतो. शिवाय कॉव्हेंट गार्डनची लिफ्ट बंद असली तर वर येण्यासाठी १९३ पायऱ्या आहेत. एजवेअर रोड या एकाच नावाची दोन वेगळी स्थानकेही आहेत आणि ती आपल्या दादरसारखी पुलाने जोडलेली नाहीत.

आपला मुक्काम हॅरो-ऑन-द-हिल स्थानकाजवळ असेल तर आपण मेट्रोपॉलिटन लाइनवर आहात. १८६३ मध्ये सुरू झालेल्या जगातील पहिल्या भुयारी रेल्वेची ही वारसदार आहे, आणि तिच्यावर चक्क फास्ट आणि स्लो गाड्या असतात. शहराकडे जाताना ती वेम्बली पार्कनंतर थेट फिंचली रोडला थांबते. मधली सगळी छोटी स्थानके शेजारच्या रुळांवरील ज्युबिली लाइनकडे सोपवलेली आहेत. मुलुंडकरांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. सासूबाईंसाठी महत्त्वाचे असे, की फिंचली रोडला उतरून त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूची ज्युबिली लाइन पकडता येते, आणि वेस्टमिन्स्टरपासून पुढे स्ट्रॅटफर्डपर्यंतच्या तिच्या सर्व स्थानकांवर लिफ्ट आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्थानकांवरही जिना टाळून फलाटापर्यंत जाता येते. आपण राहणार ते स्थानक मात्र वाहतूक खात्याच्या ‘स्टेप-फ्री’ (म्हणजे बिनपायऱ्यांच्या मार्गांच्या) नकाशावर आधी तपासावे.

पासची आवश्यकता नाही. ज्या कार्डाने किंवा फोनने आत जाल त्यानेच बाहेर पडावे; दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि ती गाठली की पुढील प्रवासाचे पैसे कापले जात नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचे वेगळे कार्ड हवे. कार्ड आणि फोन एकाच खात्याचे असले तरी यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात, आणि मग दोघांनाही सर्वाधिक भाडे लागते. माझ्या वडिलांच्या बाबतीत हे पहिल्याच दिवशी घडले होते. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार अशी मोजली जाते, त्यामुळे शनिवारी पोहोचून पुढच्या शनिवारी निघालात तर तिचा लाभ फारसा मिळणार नाही. आपल्या बँकांची कार्डे परदेशातील व्यवहारांसाठी सहसा बंद असतात. ॲपमधून ती इथूनच सुरू करून घ्यावीत, अन्यथा सरळ ऑयस्टर हे आधी पैसे भरून वापरायचे तिथले प्रवासी कार्ड घ्यावे. मुलीला तिकीट लागणार नाही, कारण ११ वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर ट्यूबने विनामूल्य जातात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर निघाल्यास भाडे कमी पडते आणि बसायलाही मिळते.

पार्लेकर:
गिरगावकरांनी भुयारातील सारे सांगितले, म्हणून मी जमिनीवरचे सांगतो. लंडन बसमधून पाहावे. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. चढताना एकदा कार्ड टेकवावे. उतरताना टेकवू नये. पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी, तिसरी बस घेतली तरी भाडे एकदाच लागते. १५ क्रमांकाच्या दुमजली बसने ट्रफाल्गर चौकाकडून निघालात तर फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि टॉवर ऑफ लंडन हा किल्ला हे सारे वरच्या मजल्यावरून दिसते. बेस्टच्या डबलडेकरमध्ये पुढच्या खिडकीसाठी धावत जाणारी पिढी आमची. आपल्या मुलीला ती संधी जरूर द्यावी. उघड्या टपाच्या पर्यटक बसवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहण्याच्या बाबतीत रोज एकच परिसर घ्यावा. साउथ केन्सिंग्टनला नैसर्गिक इतिहासाचे, विज्ञानाचे आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट अशी तीन संग्रहालये एकमेकांना लागून आहेत आणि तिन्हींना प्रवेशमूल्य नाही. मुलीला पहिल्यातील निळ्या देवमाशाचा सांगाडा आवडेल. सासूबाईंना तिसऱ्यातील टिपू सुलतानाचा लाकडी वाघ दाखवावा, इंग्रज शिपायावर झेपावलेला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दर शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडे असते, त्यामुळे शाळांच्या सहलींची गर्दी ओसरल्यावर तिथे निवांत फिरता येते. ब्रिटिश म्युझियमही विनामूल्य आहे. तिथे सगळे जण इजिप्तमधील रोझेटा शिळेपुढे दाटी करतात. आपण अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे असलेले दालन शोधावे. आंध्रातील ते संगमरवरासारखे शुभ्र चुनखडीचे शिल्पकाम पाहून मन हरखते, आणि ते इथे का, हा प्रश्नही सोडत नाही.

ग्रीनिचसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. डीएलआर या रेल्वेला चालक नसतो, त्यामुळे सर्वांत पुढच्या आसनावर बसून समोरचे रूळ पाहत जाता येते. आयलंड गार्डन्सला उतरून थेम्सखालून जाणाऱ्या, १९०२ मधील पादचारी बोगद्याने पलीकडे जाण्यात मुलीला मौज वाटेल. तिथल्या लिफ्टचा मात्र भरवसा धरू नये. सासूबाईंनी गाडीतच बसून पुढच्या कटी सार्क स्थानकावर उतरावे. परतताना नदीतून बोट घ्यावी.

ठाणेकर:
पार्लेकरांशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. माझी आई ७८ वर्षांची असताना आम्ही पहिल्या दिवशी पर्यटक बसच घेतली होती आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. विमानप्रवासाचा शीण आणि साडेचार तासांचा फरक अंगात असताना क्रमांक शोधत थांब्यांवर उभे राहण्यापेक्षा एका जागी बसून शहराची ओळख करून घेणे वृद्ध माणसाला सोसते. तिकीट महाग आहे, हे मान्य.

मुलुंडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चारांऐवजी रोज एकच परिसर असा कार्यक्रम आता पुन्हा मांडत आहे. दोन शंका राहिल्या. यजमानांना डॉ. आंबेडकरांचे लंडनमधील घर पाहायचे आहे. ते खुले असते का? आणि सासूबाई शाकाहारी आहेत, शिवाय त्यांची संकष्टी आमच्या मुक्कामातच येते.

गिरगावकर:
ते घर प्रिमरोझ हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड येथे आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे संग्रहालय आहे. दिवस आणि वेळ निघण्यापूर्वी पाहून घ्यावी. जवळचे ट्यूब स्थानक नॉर्दर्न लाइनवरील चॉक फार्म. घर पाहून झाले की प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर जावे. चढ सौम्य आहे, पायऱ्या नाहीत आणि वरून सारे शहर दिसते. मे महिन्यात रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळच योग्य. यजमानांना अधिक रस असेल तर हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे ‘इंडिया हाऊस’ आहे, जिथे सावरकर राहत असत. ते आज खासगी निवासस्थान असल्यामुळे भिंतीवरील निळा फलक रस्त्यावरूनच वाचून परतावे लागते.

उपवासाची चिंता नसावी. आपल्याला वाटेवरच पडणाऱ्या वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे. साबुदाणा, शेंगदाणे, ताजी कोथिंबीर सारे मिळेल. शहरात असताना भूक लागली तर युस्टन स्थानकामागील ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भोजनालये आहेत. भेळ मात्र चौपाटीच्या अपेक्षेने मागवू नये.

एक सांगायचे राहिले. आपल्या रविवारच्या मेगाब्लॉकसारखी दुरुस्तीची कामे तिथेही शनिवार-रविवारी निघतात आणि कधी कधी संपूर्ण मार्ग बंद असतो, म्हणून शुक्रवारी रात्रीच संकेतस्थळावर पाहून ठेवावे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. डावी बाजू घाईत असलेल्यांची असते, हे मुलीलाही आधीच सांगून ठेवावे.