हळदीतला आवाज आता फक्त मिस्सेत (चर्चच्या उपासनेत): आमच्या गायकानं बरोबर केलं का?

निर्मळचा ढोलकीवाला

वसई ते अर्नाळा पट्ट्यात सतरा वर्षं लग्नसराईत एकच आवाज गाजला. नाव लिहीत नाही, इथल्यांना कळेल. हळदीला कोळीगीतं, रिसेप्शनला हिंदी आणि पहाटे मांडव रिकामा व्हायला लागला की म्हाताऱ्यांसाठी जुनी लग्नगीतं. यंदा ईस्टरनंतर त्यानं सांगून टाकलं, यापुढे फक्त भक्तिगीतं. घेतलेल्या सुपाऱ्यांचा अ‍ॅडव्हान्ससुद्धा परत केला.

मी त्याच्यामागे ढोलकी वाजवतो, त्यामुळे मला हे लागलंय हे आधीच सांगतो. त्याच्या श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘फक्त’ कशाला? आपल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळ कॅथलिक समाजाच्या) घरात लग्नाच्या विधीचं उंबराचं पाणी आणायला बँड लावून विहिरीवर जातात, तेव्हाचं गाणं देवाचं की जगाचं? ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस लग्नं नसतात, आमचा बाजा खोळीतच असतो. नाताळआधीच्या आगमनकाळातही तेच. वर्षाची वाटणी आपल्या वाडवडिलांनी आधीच करून ठेवलीय. मग बाकीचे महिनेही का सोडायचे?

गिरीजची सून

दादा, सतरा वर्षं त्या माणसानं रात्रीचं जेवण घरी घेतलं नसेल. आपण त्याचा आवाज विकत घेत होतो, तो माणूस नव्हे. अमेरिकेत अल ग्रीन हा सोल संगीतातला मोठा गायक ऐन भरात असताना १९७६ साली पाद्री झाला, मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च चालवू लागला. पुढे गॉस्पेलच, म्हणजे तिथली ख्रिस्ती भक्तिगीतं, गायला लागला. लोकांनी त्यालाही वेड्यात काढलं असेल. आतून हाक आली तर ‘मे महिना संपू दे’ असं कोणी सांगत नाही.

पेटीवाला, भुईगाव

ताई, अल ग्रीनचं उदाहरण अर्धंच दिलंत. काही वर्षांनी तो जुन्या गाण्यांकडे परत आला आणि चर्चही सुटलं नाही. दोन्ही चाललं.

खरं बघायचं तर थॉमस डॉर्सीकडे बघा, ज्याला गॉस्पेलचा जनक म्हणतात. हा मूळचा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा पियानोवाला, मा रेनी या ब्लूज गायिकेच्या साथीला बसायचा, द्वयर्थी गाणीसुद्धा केली. १९३२ साली बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यानं जे भजन लिहिलं ते आजही अंत्यविधीला गातात. ब्लूज सोडला, पण त्याची बोटं ब्लूजचीच राहिली. म्हणून तर शिकागोतल्या चर्चवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, की हे बाजारातलं संगीत देवळात कशाला. आज त्यालाच गॉस्पेल म्हणतात. माणूस गेला तरी चाल मागे राहत नाही, ती बरोबर येते.

रत्नागिरीकर

इतकं लांब कशाला? आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी ना. वा. टिळक घ्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग टाकून दिले नाहीत. इंग्रजी चालींवर बसवलेली भजनं मराठी माणसाच्या तोंडात बसत नाहीत हे ओळखून शेकडो पदं आपल्या वळणाची लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तुमचा गायक कीबोर्डवर परक्या चालीची गाणी म्हणणार असेल, तर माझा ढोलकीवाल्यांना पाठिंबा. ढोलकी घेऊन गेला तर मात्र त्याला.

गिरीजची सून

हे पटलं. माझ्या सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, लोक माळ जपत बसायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात कॅथलिक चर्चनं लोकभाषेला परवानगी दिल्यावर, मराठी आली. तेव्हा मराठी चाली कोणीतरी घरातूनच नेल्या असणार ना? तेच काम तो आज करतोय, असं का नाही बघत?

आगाशीचा ट्रंपेट

चाली, ओव्या सगळं ठीक. आम्ही पाच जण त्याच्या नावावर बोलावले जात होतो. कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) सेवा असते, बिदागी नसते, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मुलीची फी सेवेतून भरता येत नाही. त्यानं निदान एक सराई आधी सांगायला हवं होतं. मोठी माणसं निर्णय घेतात तेव्हा मागे वाजवणाऱ्यांना शेवटी कळतं.

गिरीजची सून

यावर मला बोलता येणार नाही. तुमचं खरं आहे.

निर्मळचा ढोलकीवाला

रविवारी मिस्सेला गेलो होतो. अर्पणाच्या वेळी तो गायला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आवाज तोच, पण घाई नव्हती. रत्नागिरीकर, साथीला कीबोर्डच होता.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. नवा गायक मिळाला, हिंदी छान म्हणतो. काल गाण्यांची यादी करायला बसलो आणि पहाटेच्या लग्नगीतांपाशी अडलो. सतरा वर्षं ठेका धरला, पण शब्द माझ्याकडे नाहीत. ट्रंपेटकडे नाहीत. ते सगळे त्याच्या एकट्याच्या तोंडात. पेटीवाले म्हणतात चाल बरोबर जाते. तिच्याबरोबर ही कडवीही जाणार, त्याचं काय?

गिरीजची सून

सासूबाईंना येतात. सगळी नाही, पण विहिरीवरची पूर्ण येतात. रविवारी मिस्सेनंतर वही घेऊन घरी या. त्यालाही बोलावते, सासूबाई अडल्या तर तो सांगेल. मांडवात नाही म्हणाला तो, आमच्या ओटीवर बसून शब्द सांगायला नाही म्हणणार नाही.