डिसेंबरचं काम, जूनचे रिकामे हात

‘बेरोजगारीचा दर उतरला, म्हणजे नागपुरात कामं वाढली’ असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. आधी मोजतात कसं ते बघा. केंद्र सरकारच्या आवधिक श्रमबल सर्वेक्षणात (रोजगार-बेरोजगारी मोजणारी पाहणी, PLFS), साप्ताहिक पद्धतीने, आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. वार्षिक पद्धतीत दुय्यम, म्हणजे जोडीचं काम वर्षात ३० दिवसांचं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो.

आता डिसेंबरात नागपूरच्या कळमना बाजारात जा. आंबिया बहाराची (हिवाळ्यात तोडणीला येणारी) संत्री, हमाली, प्रतवारी, भराई. त्याच सुमारास कापसाचं जिनिंग (सरकी काढणं) जोरात, आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की मंडप, केटरिंग, भाड्याच्या गाड्या, सगळीकडे माणसं हवी असतात. यातल्या किती जणांना जूनमध्ये काम असतं? पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या जिप्सीचालकांची पावसाळ्यात मुख्य सफारीच बंद. शिवाय ज्यांनी थकून काम शोधणं सोडलं आणि कामाची तयारीही दाखवली नाही, ते बेरोजगारांतही मोजले जात नाहीत, ही मला सगळ्यात अन्यायाची बाब वाटते.

२०२५ पासून या सर्वेक्षणाचे देशपातळीवरचे आकडे दरमहा येतात. तुलना करायचीच तर डिसेंबरची मागच्या डिसेंबरशी करा, जूनशी नको. आणि सोबत विचारा: वर्षात किती दिवस काम, किती मजुरीवर?