जुन्या स्पीकरचे ट्वीटर: साफ करून वापरावेत की सरळ बदलावेत?

घंटाळीकर (ठाणे)

बाबांनी १९८०च्या दशकात घेतलेली टू-वे स्पीकरची (खालच्या सुरांना वूफर, वरच्या सुरांना छोटा ट्वीटर) जोडी आमच्याकडे आहे. हल्ली डाव्या बाजूने तानपुऱ्याची जवारी येईनाशी झाली आहे. षड्ज लागतो, पण त्याच्याभोवतीचा झंकार नाही. दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडताच सांगितलं, "ट्वीटर गेले, दोन्ही नवीन टाका."

मला हे अजिबात पटत नाही. मल्टिमीटर लावला तर दोन्ही ट्वीटर ६ ओहमच्या आसपास दाखवतात आणि ८ ओहमच्या ट्वीटरला हे रीडिंग योग्यच आहे. म्हणजे कॉइल (मॅग्नेटच्या फटीत हलणारं तारेचं वेटोळं) उडालेली नाही. बिघाड आहे तो फटीत. कॉइल ज्या फटीत हलते तिथे या ट्वीटरना फेरोफ्लुइड घातलेलं असतं, म्हणजे तेलात मिसळलेले आयर्न ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. १९६३ साली नासातल्या स्टीव्ह पॅपेल यांनी ते तयार केलं. वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढता यावं, हा हेतू होता. पुढच्या दशकात ते ट्वीटरमध्ये आलं, कारण ते कॉइलची उष्णता मॅग्नेटकडे नेतं आणि तिची नको ती थरथर आवरतं. वर्षानुवर्षांत तेल आटतं, काळा चिकट गाळ उरतो आणि कॉइल त्यात रुतून बसते.

गाळ काढता येतो. डोमची (आवाज काढणाऱ्या घुमटाकार पडद्याची) प्लेट सोडवायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली टिपकागदाची पट्टी फटीतून फिरवायची. पट्टी कोरी बाहेर येईपर्यंत हे करत राहायचं. मग योग्य घट्टपणाचं नवं फेरोफ्लुइड भरायचं. ते मिलिलिटरच्या अंशातच लागतं. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणारं सर्किट) त्याच ट्वीटरचा आवाज आणि रेझोनन्स (ज्या सुरावर तो आपसूक जास्त थरथरतो) धरून बांधलेला असतो. ट्वीटर बदलला की पेटी तीच राहते, स्पीकर मात्र दुसराच होतो.

तुर्भे_बेंच

असहमत. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बरेच ट्वीटर घरच्या साफसफाईतच मेलेले असतात. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटजवळ नेला की तो हातातून ओढला जातो आणि टोक थेट डोममध्ये घुसतं. कॉइलच्या तारा इतक्या बारीक असतात की प्लेट जराशी तिरकी उचलली तरी तुटतात. कोणी अल्कोहोलऐवजी ॲसिटोन लावतो, मग कॉइलचं वॉर्निश आणि गोंदच सुटतो.

समजा हात सफाईदार आहे. तरी कापडी डोमवरचा लेप एवढ्या वर्षांत वाळून कडक झालेला असू शकतो. फट धुऊन तो परत येत नाही. ठाण्यात काय आणि आमच्याकडे काय, खाडीच्या दमट हवेत आतल्या लोखंडावर गंज चढतो. त्याचा पापुद्रा फटीत सुटला की कॉइल खरखरते. यापेक्षा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज) जुळणारी नवी जोडी घ्या. नवी ३ डेसिबलने जास्त निघाली तर रेझिस्टर लावून खाली आणता येते. स्पीकर ऐकण्यासाठी आहेत.

ऐरोली_श्रोता

लॅमिंग्टन रोडला किंवा चोर बाजारात त्याच मॉडेलचे वापरलेले ट्वीटर शोधले तर?

तुर्भे_बेंच

तेही तेवढ्याच वयाचे. त्यातही तोच गाळ.

कंडेन्सर_काका (नेरूळ)

दोघंही ट्वीटरलाच दोषी धरून भांडताय. आधी डावा ट्वीटर उजव्या पेटीत लावा आणि उजवा डाव्या. मंदपणा ट्वीटरबरोबर सरकला तर दोष ट्वीटरचा. जागच्या जागी राहिला तर दोष क्रॉसओव्हरचा, आणि तिथे पहिला संशय बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर. त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स वयानुसार वाढतो आणि वरची पट्टी दबते. तो बदलायचा तर एक पथ्य पाळा. त्याजागी फिल्म कंडेन्सर लावला की तो रेझिस्टन्स जवळपास शून्य होतो आणि आवाज कधी कधी मूळपेक्षाही टोकदार लागतो. सोबत अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर टाकून ऐकून बघा.

आणखी एक. प्रत्येक जुन्या ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड नसतं. बीबीसीच्या एलएस३/५ए स्पीकरमधला केईएफ कंपनीचा टी२७ ट्वीटर कोरड्या फटीचा आहे. अशात फेरोफ्लुइड घातलं तर रेझोनन्सचा उंचवटा दबतो, आणि क्रॉसओव्हर तर तो उंचवटा गृहीत धरूनच बांधलेला असतो.

घंटाळीकर

काका, आज अदलाबदल करून पाहिली. मंदपणा ट्वीटरबरोबर उजवीकडे गेला. त्या ट्वीटरच्या डोमच्या कडेवर बोट टेकवलं तर तो जेमतेम दबतो आणि उसळून वर येत नाही. दुसरा लगेच येतो. कॉइल गाळातच अडकलीय.

तुर्भे, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण तुम्ही सांगताय ते धोके हाताळणीचे आहेत. पितळी किंवा प्लास्टिकची हत्यारं वापरली की मॅग्नेटचा प्रश्न मिटतो. या मॉडेलचे ट्वीटर आता बनत नाहीत. साफ करून जमलं नाही तर नवी जोडी केव्हाही लावता येईल, पण आज भंगारात दिलेला मूळ ट्वीटर परत मिळणार नाही. म्हणून पहिला हक्क त्याचाच आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

तुर्भे_बेंच

करणारच असाल तर दोन्ही साफ करा. एकात नवं फेरोफ्लुइड आणि दुसऱ्यात जुनं राहिलं तर जोडी जुळणार नाही आणि गायक मधोमध उभा न राहता एका बाजूला सरकेल. नंतर साउंडकार्ड, एक रेझिस्टर आणि एखादं मोफत सॉफ्टवेअर घेऊन दोघांचे इम्पिडन्सचे (सुरागणिक बदलणाऱ्या विद्युत रोधाचे) आलेख काढा. रेझोनन्सची टेकडी साधारण १००० हर्ट्झच्या आसपास दिसेल. दोन्ही आलेख एकावर एक बसले तर मी मान्य करीन. नाही बसले तर नवी जोडीच घ्या, माझं ते मत कायम आहे. आणि सोल्डर सोडवण्याआधी टर्मिनलवरची लाल खूण फोटोत टिपून ठेवा. एक ट्वीटर उलटा जोडला गेला तर वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना मिळतात, नेमका तिथलाच आवाज कापला जातो.