बहुमत कधीच नव्हतं

‘जर्मन जनतेनेच हिटलरला बहुमताने निवडून दिलं’ असं अनेकदा म्हटलं जातं, ते पटत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मतं उलट घटून ३३ टक्क्यांवर आली होती. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर केलं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने, माजी चॅन्सेलर पापेनच्या खटपटीमुळे. मार्चमध्ये विरोधकांना तुरुंगात डांबूनही मजल ४४ टक्क्यांपर्यंतच गेली.

मला राहून राहून २३ मार्च आठवतो, संसदेला डावलून कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारला देणाऱ्या कायद्यावर मतदान झालं तो दिवस. क्रोल ऑपेरा हाऊसमध्ये संसद भरलेली, सभागृहात तपकिरी गणवेशातले एसएचे, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचे लोक उभे, कम्युनिस्ट खासदारांना मज्जाव. तशातही सोशल डेमोक्रॅट ओटो वेल्स उठून बोलले, ‘आमचं स्वातंत्र्य आणि प्राण हिरावता येतील, अब्रू नाही.’ त्यांच्या पक्षाच्या हजर असलेल्या ९४ च्या ९४ जणांनी विरोधात मत दिलं. बाकी सगळे, कॅथलिकांच्या सेंटर पक्षासकट, बाजूने.