कोरा करकरीत ट्रॅपर : गोलरक्षकाच्या नव्या साहित्याला मराठीत काय म्हणाल?

ब्रॅम्प्टन, कॅनडा

नमस्कार मंडळी. माझी लेक बारा वर्षांची आहे, आइस हॉकीत गोलरक्षक म्हणून खेळते. आतापर्यंत मोठ्या मुलांचं वापरलेलं सामान चालवत होतो. यंदा पॅड आखूड पडले, म्हणून पहिल्यांदाच सगळं नवं घेतलं. रविवारी साताऱ्याला माझ्या वडिलांना ती व्हिडिओ कॉलवर एकेक वस्तू दाखवत होती. आजोबा विचारत होते आणि ती इंग्रजी नावं सांगत होती. शेवटी ते म्हणाले, "अगं, दोन हातांत दोन तऱ्हेचे मोजे कशाला? काम तर एकच ना?" काम एकच नाही हे तिला ठाऊक होतं, पण मराठीत सांगता येईना. मलाही पटकन शब्द सापडेना, आणि ते मला फार लागलं.

वस्तू अशा आहेत. डाव्या हातात ट्रॅपर, म्हणजे खोलगट, जाळीची पिशवी असलेला मोठा मोजा. उजव्या हातात ब्लॉकर. त्याच्या पाठीवर आयताकृती सपाट फळी असते आणि त्याच हातात काठीही धरायची असते. पायांना पॅड, पार मांडीपर्यंत. छाती आणि दोन्ही हात झाकणारं जाड गादीचं जाकीट, गळ्याला पट्टा, डोक्याला जाळी असलेला मास्क. समोरून येतो तो पक: कडक रबराची चकती, 3 इंच व्यासाची, 1 इंच जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. तुम्ही या वस्तूंना काय म्हणाल?

पुणे

ताई, सगळ्याला मिळून एक शब्द हवा असेल तर जामानिमा. जामा म्हणजे घेरदार अंगरखा, निमा त्याहून तोकडा. दोन्ही कपडे गेले, शब्द मात्र "सगळा जामानिमा करून निघाले" यात टिकला. नखशिखान्त अंगावर चढतं ते सगळं त्यात येतं. सरंजाम त्याहून मोठा, त्यात अंगावर न घालायच्या वस्तूही येतात. काठी, पाण्याची बाटली, चाकांची ती भली मोठी बॅग धरून म्हणायचं असेल तर सरंजाम. वर्तमानपत्री "साहित्य" चूक नाही, पण त्यात पूजेपासून लेखनापर्यंत सगळंच येतं. छातीच्या जाकिटाला बेलाशक चिलखत म्हणा.

खेळाडूला "गोलरक्षक" हे रुळलेलं आहे. तिकडचं "गोली" घेऊ नये असं माझं मत, आपल्या कानाला ते गोळीसारखं लागतं.

कोल्हापूर

मला नावांपेक्षा "नवं" या शब्दावर बोलायचं आहे. नवं आणि कोरं एक नव्हे. दुसऱ्याचं वापरलेलं घेतलं तरी ते तुमच्यासाठी नवंच, पण कोरं ते, ज्याला कुणाचाच हात लागलेला नाही. आणि कोरं करकरीत म्हटलं की कान आला. नव्या चपलेचा तो करकर आवाज त्या शब्दातच बसलाय. आमच्या घरात चपलांचा धंदा होता. कोरी चप्पल चावते, म्हणून तिला तेल पाजायचं, चार दिवस घरात वागवायची, मग ती पायाला बसते. तुमच्या लेकीचा मोजा करकरतो का? तेल पाजून बघा.

ब्रॅम्प्टन

दादा, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. ट्रॅपर खरंच करकरतो! पहिल्या दिवशी तिला तो एका हातानं मिटताच येईना, पक आत यायचा आणि बाहेर उडायचा. पण तेल नको. हल्लीचं हे कातडं कृत्रिम असतं. ते तेल पीत नाही, तेलानं उगाच जड होतं. इथली रीत अशी: पिशवीत दोन पक ठेवायचे, मोजा मिटायचा आणि पट्ट्यानं करकचून बांधून रात्रभर ठेवायचा. सकाळी घडीच्या जागी लाकडी मोगरीनं ठोकायचं. आणि रोज शंभर-दीडशे वेळा झेलायचं. आमच्या तळघरात संध्याकाळी माझं तेच काम असतं, मी टेनिसचा चेंडू टाकते आणि ती झेलते. तीन आठवड्यांनी तो आता एका बोटाच्या जोरावर मिटतो.

या सगळ्याला इथे एकच इंग्रजी शब्दप्रयोग आहे. मला "रुळवणे" सुचलं होतं, पण तुमच्या "पायाला बसते"वरून "हाताला बसणे" जास्त आवडलं. कारण त्याला जोडीचा प्रयोग आपल्याकडे आहे: मोजा हाताला बसतो आणि हात बसतो. एक वस्तूचं, दुसरं माणसाचं. तळघरात दोन्ही एकदमच होत होतं.

आता क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर पॅडचा किस्सा सांगते. नवऱ्यानं पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेलं. त्यानं पहिल्या सरावाला क्रिकेटसारखे पॅड बांधले, पट्टे चांगले आवळून. लेक बर्फावर गेली, गुडघ्यावर बसली आणि पॅड तिच्या पायाबरोबर तसेच उभे राहिले. इथे बसायची पद्धत अशी की गुडघे आत, पावलं बाहेर, आणि पॅड पायाभोवती फिरून त्यांचा दर्शनी भाग पकच्या समोर यायला हवा. आवळले तर फिरणार कसे? प्रशिक्षक बाईंनी येऊन सगळे पट्टे ढिले केले. लेक त्या दिवशी रडवेली झाली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण नावांची चिंता करतोय, आणि खरी अचूकता आहे ती क्रियापदात. बांधणे आणि आवळणे यांतला फरक मला आधी मराठीतच सांगता आला असता तर तिचा एक सराव वाचला असता. हे पॅड बांधायचे असतात, आवळायचे नसतात.

पुणे

क्रिकेटचा संबंध खराच आहे, तुमच्या यजमानांना सांगा. 1896 साली विनिपेगच्या संघाचे गोलरक्षक व्हायटी मेरिट आइस हॉकीच्या मानाच्या स्टॅन्ले चषकाच्या सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधून उतरले होते. पुढे हॅमिल्टनच्या पॉप केनेस्की यांनी ते रुंद केले. त्यांचा मूळ व्यवसाय घोड्यांचं चामडी सामान शिवण्याचा. चामड्याच्या आत केस ठासून भरायचे, ते बर्फाचं पाणी पीत आणि सामना संपेपर्यंत दगडासारखे जड होत. म्हणजे अक्षरशः खोगीरभरती! आपण हा शब्द निरुपयोगी भरताडासाठी वापरतो, पण इथली भरती पक थोपवत होती. खोगीर शिवणाऱ्याच्या हातून या वस्तूचा जन्म झाला, हे कळल्यावर मला तो शब्द पुन्हा त्याच्या मूळ जागी बसल्यासारखा वाटला.

निवृत्त फौजी, सध्या नगर

लेहला दोन हिवाळे काढले आहेत, तिथे नैसर्गिक बर्फावर हा खेळ जवळून पाहिला. ताईंच्या क्रियापदांत माझी भर. बूट आणि चिलखत चढवतात. पॅड बांधतात. हातमोजे घालतात. कमरेचा पट्टा कसतात. क्रमही महत्त्वाचा: आधी पाय, मग छाती, मग डोकं, हात शेवटी. एकदा ब्लॉकर घातला की दुसऱ्या कशाचा पट्टा लावता येत नाही. छोट्या पोरांना म्हणूनच कुणीतरी नेसवल्यासारखं तयार करावं लागतं. एकाच संचात आळीपाळीनं तीन पोरं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. उणे तापमानात, अंगाची ऊब अजून असलेलं चिलखत एकानं काढून दुसऱ्याला द्यायचं. कोरं करकरीत सामान म्हणजे काय चीज असते, हे त्यांना विचारावं.

नाशिक

मास्कला मुखवटा म्हणू नये असं वाटेल, कारण मुखवटा म्हणजे खरा चेहरा लपवणं. पण देवीचा मुखवटा आठवा. तो लपवत नाही, तोच देवीचं तेज दाखवतो. गोलरक्षकांचे मास्क रंगवलेले असतात, प्रत्येकाचा निराळा. बॉस्टनचे गेरी चीव्हर्स तर मास्कवर जिथे पक लागला तिथे टाके रंगवत. मास्क नसता तर तिथे खरे टाके पडले असते. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये माँट्रियलच्या जाक प्लांत यांच्या चेहऱ्यावर पक बसला. टाके घालून ते परतले ते मुखवटा चढवूनच, आणि पुढे ही रीतच पडली. शिवाय 2020 नंतर नुसतं "मास्क" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाकावरचं कापड येतं. माझं मत मुखवट्याला.

ब्रॅम्प्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. गळ्याच्या पट्ट्याला मी जुनाच गळपट्टा ठेवला, इथे मुलांना तो सक्तीचा आहे. ब्लॉकरला मुलीनंच ढाल हा शब्द उचलला. ट्रॅपर मात्र ट्रॅपरच राहिला, "झेलमोजा" मी सुचवून पाहिला, तिच्या तोंडात बसला नाही. मी आग्रह धरला नाही.

काल पुन्हा साताऱ्याला कॉल लावला. तिनं डावा हात वर केला, "आजोबा, ह्यानं झेलते." उजवा वर केला, "ह्यानं परतवते." मग पॅडवर थाप मारून, "आणि ह्यानं थोपवते." आजोबांना दोन मोज्यांचा उलगडा तिथल्या तिथे झाला.

मग त्यांनी विचारलं, "आणि दोन पायांच्या मधून गेला तर?" ती म्हणाली, तिथूनच सगळ्यात जास्त भीती असते, म्हणून गुडघे टेकून ती जागा बंद करायची. इंग्रजीत त्या फटीला नाव आहे, मराठीत काय ते तिनं मला विचारलं. मी विचार करत होते, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "त्यात काय, ती खिंड. आणि तू खिंड लढवतेस."

आज सरावाला जाताना गाडीत ती मागच्या सीटवर पुटपुटत होती, "खिंड बंद, खिंड बंद."