लघवीतून सांध्यांची झीज कळते, मग ती तपासणी सगळ्यांची का नको?

कापूसवाला, अमळनेर: आईचे गुडघे तीन वर्षांपासून धरलेत. उभा जन्म उकिडवं बसून निंदणीत गेला. डॉक्टर म्हणतात, "वंगण संपलं", आणि एक्स-रे काढतात. एक्स-रेत सांध्यातली गादी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची कूर्चा, दिसतच नाही, हाडांमधली फट दिसते. ती कमी दिसेपर्यंत गादीची वाट लागलेली असते. गादीतलं टाइप २ कोलॅजन हे प्रथिन तुटलं की त्याचा तुकडा, सीटीएक्स-२, लघवीत उतरतो. चाळिशीनंतर शेतात राबणाऱ्या प्रत्येक बाईचा तो मोजावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबवाला, भुसावळ: काय भो, आकडा येईल, पण तो कोणत्या सांध्याचा हे लघवी सांगत नाही. गुडघा, खुबा, मणका, सगळ्यांचा माल एकाच बाटलीत. सकाळची लघवी आणि दुपारची, आकडे वेगळे. शिवाय लघवी पातळ की घट्ट याचा हिशेब धरायला तो क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंतून येऊन लघवीत उतरणाऱ्या टाकाऊ पदार्थाने, भागतात. अंगावर मांस नसलेल्या म्हातारीचं क्रिएटिनिनच कमी, म्हणजे भागाकार उगीच फुगतो.

आमवाताची पेशंट, धुळे: दादा, तुमचं सगळं खरं, पण ही तपासणी अगदीच कुचकामी ठरवू नका. आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या आजारात, सांधा वर्ष-दोन वर्षांत खराब होऊ शकतो. आमवाताच्या औषधांच्या युरोपातल्या कोब्रा नावाच्या चाचणीत उपचारांच्या पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचं सीटीएक्स-२ उतरलं, त्यांचे सांधे पुढे पाच वर्षांत कमी बिघडले. एक्स-रे इतक्या लवकर बोलत नाही.

लॅबवाला, भुसावळ: ताई, ते पेशंटच्या गटाबद्दल. एकट्या बाईच्या आकड्यावर मी गोळी बदलणार नाही. आधी तर लघवीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन, कोलॅजनचाच एक घटक, मोजायचे, आदल्या रात्री मटण झालं तरी ते वाढायचं! पायरिडिनोलिन या कोलॅजनच्या दुसऱ्या तुकड्याला जेवणाची बाधा नाही, पण ते हाडातूनही येतं. पाळी गेल्यावर हाडं झिजतात, तेव्हाही वाढतं.

कापूसवाला, अमळनेर: म्हणजे गरिबाने फट बुजेपर्यंत थांबायचं? आई तर हसते, "लघवी तपासीसन गुडघा बरा व्हई का?"

आमवाताची पेशंट, धुळे: भाऊ, एक सांगा. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात?

कापूसवाला, अमळनेर: तासभर. बोटांची पेरंही सुजतात, भाकरी थापता येत नाही. ते वयाचं असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

लॅबवाला, भुसावळ: मग ही नुसती झीज नसेल, आमवातही असू शकतो. लघवीची बाटली ठेव बाजूला. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, रक्ताच्या या तपासण्या आधी, आणि संधिवाततज्ज्ञ गाठ. वेचणी सुरू व्हायच्या आत ने तिला.