आजोबांच्या गल्ल्याजवळची जपानी मांजर, किती जुनी असेल?

नवीपेठकर: आमच्या आजोबांचं चादरीचं दुकान होतं, तिथं गल्ल्याशेजारी चिनीमातीची पांढरी मांजर बसलेली असायची, डावा पंजा वर, गळ्यात लाल पट्टा न सोन्याच्या रंगाचं घुंगरू, आजी रोज उदबत्ती ओवाळायची तिला. दुकान आवरताना ती माझ्याकडं आली. कानाचा रंग उडालाय, तळाला 'मेड इन जपान' असा शिक्का आहे. शुभ असते म्हणतात ते नेमकं काय ओ?

मातीवेडा: ताई ही मानेकी-नेको, बोलावणारी मांजर. आपल्याला वाटतं टाटा करतेय पण जपानात तळवा खाली करून बोटं हलवली की 'इकडं या' असा अर्थ होतो. डावा पंजा गिऱ्हाईक बोलावतो न उजवा पैसा असं मानतात, म्हणजे आजोबांनी दुकानाला बरोब्बर आणलेली की! शिक्क्यात 'ऑक्युपाइड जपान' (म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातला जपान) असतं तर १९५२ च्या आधीची नक्की म्हणता आली असती, नुसत्या जपानवरून साल नाही सांगता येत.

सिद्धेश्वर_पेठ: माझ्याकडं शिगाराकी ह्या जपानी कुंभारगावचा तानुकी आहे, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका जपानी प्राण्याचा मातीचा पुतळा, पोट सुटलेला, हातात दारूचा बुधला, डोक्यावर गवती टोपी, लई जीव आहे माझा त्याच्यावर. १९५१ ला जपानचे सम्राट शिगाराकीला आले तेव्हा रस्त्याकडेला ह्या तानुकींच्याच हातात झेंडे देऊन रांग लावलेली. ताई, मांजर साबणानं घासू नका, वरचा रंग निघतो, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा फक्त.

नवीपेठकर: बरं झालं सांगितलं, आई आत्ता भांड्याच्या साबणानं धुणार होती.